बेसबॉलची सहा स्टेडियमं, दोन हजार मैल आणि जुने रूममेट

सोलापुरी_चटणी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. या उन्हाळ्यात अकरा दिवस गाडी घेऊन फिरलो. न्यू जर्सीतल्या घरातून निघून बाल्टिमोर, पिट्सबर्ग, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, शिकागो, मिलवॉकी आणि परत, सगळं मिळून दोन हजार मैलांच्या आसपास. प्रत्येक गावात बेसबॉलची एक मॅच आणि त्यातल्या तीन गावांत एकेक जुना रूममेट.

थोडं मागचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. २००० च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं पिट्सबर्गला एमएस करायला आलो, ऑकलंड भागात दोन बेडरूमच्या घरात राहायचो. दादरकर, नागपूरकर, सांगलीकर आणि मी सोलापूरचा. गावावरूनच हाका मारायचो, इथेही तीच नावं वापरतो. सप्टेंबरमध्ये कुणीतरी म्हणालं की थ्री रिव्हर्स स्टेडियमचा हा शेवटचा सीझन आहे, बघून घ्या. बेसबॉल म्हणजे काय ते चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं, पण सगळ्यात वरची तिकिटं स्वस्त होती म्हणून गेलो. शेजारी एक आजोबा बसले होते, मांडीवर स्कोअर लिहायचं चौकोनांचं कार्ड आणि हातात पेन्सिल. आम्ही दहा वेळा वाकून बघितलं तेव्हा त्यांनी दोन कोरी कार्डं काढून एक मला आणि एक सांगलीकरला दिलं आणि शिकवायला सुरुवात केली. प्रत्येक फील्डरला एक नंबर. पिचर (आपला बोलर) १, कॅचर (कीपर) २, मग धावताना गाठायच्या बेसवरचे, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप ६, मग लांब मागचे, आउटफील्डचे तिघं ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं बॉल उचलून फर्स्टला फेकला आणि बॅटर आउट झाला की लिहायचं ६-३. स्ट्राइकआउट, म्हणजे बॉल मारता न येताच बाद झाला, की के, आणि बॅट न फिरवताच बाद झाला तर उलटा के. हवेतला बॉल ८ नंबरनं झेलला तर एफ ८. तीन तासांत आम्हा दोघांना वेडच लागलं त्या चौकोनांचं.

पुढे ११ फेब्रुवारी २००१, रविवार, सकाळी आठच्या सुमाराला ते स्टेडियम स्फोट करून पाडलं. चौघंही नदीपलीकडे कुडकुडत उभे होतो. एवढं मोठं काँक्रीटचं कडं काही सेकंदांत खाली बसलं आणि मग नुसता धुरळा. सांगलीकर म्हणाला, "आयला, आपण तिथं बसलो होतो की रे."

एप्रिलमध्ये शेजारीच पीएनसी पार्क हे नवं स्टेडियम उघडलं. २००२ मध्ये डिग्र्या झाल्या आणि चौघं चार दिशांना गेलो, सांगलीकर तेवढा पिट्सबर्गलाच राहिला. बाकी पुढच्या प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावतायत.

अंगणातली_तुळस
वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. फोटो पण टाका.

गल्ली_क्रिकेट
छान सुरुवात! पण मला एक कधी कळलं नाही, तुम्ही लोक बेसबॉल बघता कसा? आम्ही एकदा ऑफिसबरोबर गेलो होतो, तासभर काहीच झालं नाही, लोक नुसते उठून खायला जातात आणि परत येतात. आणि आपलं कुणी खेळलंय का त्यात कधी?

सोलापुरी_चटणी
@गल्ली_क्रिकेट, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर या सगळ्या ट्रिपशीच जोडलेलं आहे म्हणून जरा थांबा. आपल्यापैकी म्हणाल तर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल, दोघं उत्तर प्रदेशातले, भालाफेक करणारे. २००८ मध्ये भारतात वेगानं बॉल टाकणाऱ्यांची स्पर्धा झाली होती त्यातून निवडले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना करारबद्ध केलं ते आमच्या पिट्सबर्ग पायरेट्स या टीमनीच. मेजर लीगपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगपर्यंत, पोचले नाहीत, पण ज्यांनी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता त्यांनी वर्षभरात एवढं करणं ही साधी गोष्ट नाही.

तर बाल्टिमोर. कॅम्डेन यार्ड्स, १९९२ साली उघडलेलं. त्याआधीची बरीच स्टेडियमं म्हणजे गोल काँक्रीटचे डबे, फुटबॉल पण तिथंच आणि बेसबॉल पण तिथंच, आमचं थ्री रिव्हर्स त्यातलंच. कॅम्डेन यार्ड्सनी परत विटा, लोखंड आणि गावाच्या मधोमध जागा असं आणलं आणि मग बाकीच्या गावांनी तेच धरलं. राइट फील्डच्या मागे रेल्वेचं जुनं गोदाम आहे, लांबच लांब, लाल विटांचं. प्रत्यक्ष मॅचमध्ये अजून कुणाचा बॉल त्या भिंतीला लागलेला नाही, १९९३ मध्ये होमरनच्या (आपल्या सिक्ससारख्या) स्पर्धेत केन ग्रिफी ज्युनियरनं तेवढा मारला होता. याच भिंतीवर १९९५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्याच टीमच्या कॅल रिपकेनचा २१३१ हा आकडा लटकवला होता. सलग तेवढ्या मॅचेस, एकही न चुकवता, आणि त्यानंतरही तो खेळतच राहिला, २६३२ पर्यंत.

दादरकर आता मेरीलँडमध्ये असतो. त्याला मी तीन वर्षांपूर्वी एका लग्नात भेटलो होतो, पण ते भेटणं म्हणजे "काय म्हणतोस, मुलं कशी आहेत" एवढंच. इथं साडेतीन तास शेजारी बसलो, आधी अर्धा तास ट्रॅफिक आणि मुलांची कॉलेजं यावर गेला, तिसऱ्या इनिंगला तो एकदम म्हणाला की दोन वर्षांपूर्वी त्याचं बायपास झालं. मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं अरे सांगितलं का नाहीस, तर मैदानाकडेच बघत म्हणाला, "फोनवर काय सांगायचं लेका." तर @गल्ली_क्रिकेट, हे आहे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. काही होत नाही असं वाटतं तेव्हाच माणसं बोलतात. घरी सोफ्यावर समोरासमोर बसलं की चहा येतो, टीव्ही असतो, मुलं येऊन जातात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघून अवघड विषय निघत नाहीत. इथं दोघांची नजर मैदानावर.

शेंगदाणा_लाडू
अगदी अगदी! आमचे सासरे इस्लामपूरहून आले होते तेव्हा त्यांना बॉस्टनला फेनवे पार्कला नेलं होतं, मला वाटलं कंटाळतील. १९१२ सालचं स्टेडियम म्हटल्यावर आधी त्यांनी खांब आणि लाकडी खुर्च्या नीट बघून घेतल्या, बांधकाम खात्यात होते ना. मग लांब उजवीकडे बोट करून विचारलं, एवढ्या हिरव्या खुर्च्यांत ती एकच लाल का? नवऱ्याने सांगितलं की १९४६ मध्ये टेड विल्यम्सनं मारलेला बॉल तिथं जाऊन पडला होता, ५०२ फूट. सासरे उठून चालत चालत त्या खुर्चीपर्यंत गेले आणि तिथून बॅटरच्या जागेकडे बघत बराच वेळ उभे राहिले. एरवी मोजकं बोलणारे, पण परत येताना गाडीत त्यांनी त्यांच्या लहानपणीच्या कुस्तीच्या फडाच्या गोष्टी सांगितल्या, त्या नवऱ्यानेसुद्धा कधी ऐकल्या नव्हत्या.

पुणे३०
खाण्याचं काय? शाकाहारी माणसानं जावं का?

सोलापुरी_चटणी
@शेंगदाणा_लाडू, वा! फेनवे राहिलंय माझं, आता लाल खुर्ची बघायलाच जाणार.

@पुणे३०, खुशाल जा. बऱ्याच स्टेडियममध्ये घरचं खाणं आत नेता येतं, फक्त बॅग केवढी चालते ते आधी त्या त्या टीमच्या साइटवर बघून घ्या. बाल्टिमोरला आम्ही वहिनींनी दिलेले थालीपीठ आणि लसणाची चटणी नेली होती. आणि शेंगदाणे तर सगळीकडे, सालासकट भाजलेले, टरफलं पायाशीच टाकायची. पिट्सबर्गला पिरोगी मिळतात, पोलंडकडचा पदार्थ, उकडलेल्या करंजीसारखा, आत बटाटा आणि चीज. मॅचच्या मध्ये पिरोगीचे वेष घालून माणसांची शर्यत पण लावतात, लहान मुलं त्यासाठीच येतात.

आता पिट्सबर्ग. हे लिहायला दोन दिवस घेतले.

२०१० मध्ये सांगलीकरचे बाबा गेले. आम्ही एमएस करत असताना ते दोन महिने येऊन राहिले होते आणि आम्हा चौघांना रोज सकाळी पोहे, उपमा, घावन करून घालायचे, मला तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या त्यांनी. मला बातमी नागपूरकरच्या मेलमधून कळली. त्या दिवशी फोन केला नाही कारण काय बोलायचं ते सुचेना, दुसऱ्या दिवशी वाटलं तो भारतात असेल, मग आठवडा झाला, मग महिना झाला आणि एवढ्या उशिरा फोन कसा करायचा म्हणून तो राहूनच गेला. तो पण काही बोलला नाही. भांडण नाही, काही नाही, पण वाढदिवसाचे मेसेज बंद झाले आणि चौदा-पंधरा वर्षं अशीच गेली. या ट्रिपच्या आधी मी त्याला फक्त एवढंच लिहिलं की अमुक तारखेला पीएनसीची दोन तिकिटं काढतोय, येतोस का. दोन दिवसांनी उत्तर आलं, "थर्ड बेसच्या बाजूची काढ. पेन्सिल आणतो."

पीएनसीला जायची खरी पद्धत म्हणजे डाउनटाउनमध्ये गाडी लावायची आणि क्लेमेंटे पुलावरून चालत जायचं. मॅचच्या दिवशी पूल गाड्यांना बंद असतो, पूर्ण रस्ताभर माणसं, पिवळाधमक पूल, खाली अलेघेनी नदी. रोबेर्तो क्लेमेंटे हा पायरेट्सचा पोर्तो रिकोचा खेळाडू, बरोबर ३००० हिट्स. १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि त्याचं विमान समुद्रात पडलं. त्याच्या शर्टाचा नंबर २१ म्हणून राइट फील्डची भिंत २१ फूट उंच बांधली आहे. पुलाच्या टोकाला त्याचा पुतळा आहे, तिथं भेटायचं ठरलं होतं. सांगलीकर आधीच येऊन उभा होता. केस पूर्ण पांढरे. हात पुढे केला, मी मिठी मारली आणि मग दोघंही काही न बोलता गेटकडे चालायला लागलो.

पहिल्या चार इनिंग आम्ही फक्त मॅचबद्दल बोललो. पिचर थकलाय, याला आता बदलायला पाहिजे, असंच. त्याचं कार्ड त्याच्या मांडीवर, माझं माझ्या. समोर नदी आणि नदीपलीकडच्या इमारतींवर उन्हं उतरत होती. पाचव्या इनिंगमध्ये पायरेट्सची बॅटिंग सुरू झाली आणि मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "काका गेले तेव्हा मी फोन केला नाही." तो गप्प. मी बोलत राहिलो, पोह्यांचं, पट्ट्यांचं, नंतर कितीदा नंबर काढून ठेवून दिला त्याचं, सगळं. किती वेळ बोललो माहीत नाही. थांबलो तेव्हा टीमा बाजू बदलत होत्या. मग तो म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत विचारायचे रे, सोलापूरचा पोरगा काय करतो." आणि शेंगदाण्याची पिशवी माझ्या हातात दिली.

नंतर घरी येऊन माझं कार्ड बघितलं तर पाचव्या इनिंगचे पायरेट्सचे तीन चौकोन कोरे आहेत.

अंगणातली_तुळस
डोळ्यात पाणी आलं. माझा पण असा एक फोन राहिलाय, मैत्रिणीची आई, २०२१ मध्ये. उद्या शनिवार आहे, करते.

गल्ली_क्रिकेट
माझा प्रश्न मागे घेतो दादा. फक्त एक, आता ते पिचरला घड्याळ लावलंय ना, त्यामुळे मॅचेस लवकर संपतात म्हणे, मग गप्पांना वेळ राहतो का?

कॅन्सस_वारी
@गल्ली_क्रिकेट, २०२३ पासून पिच क्लॉक आहे, बेसवर कुणी नसेल तर १५ सेकंदांत बॉल टाकायचाच. २०२२ मध्ये नऊ इनिंगच्या मॅचला सरासरी तीन तासांच्या वर चार मिनिटं लागायची, ती पहिल्याच वर्षी २ तास ४० मिनिटांवर आली. पण दर अर्ध्या इनिंगनंतर दोनेक मिनिटांची सुट्टी असतेच, बोलणाऱ्याला तेवढी पुरते.

@सोलापुरी_चटणी, पुढच्या वेळी कॅन्सस सिटीपर्यंत या. कॉफमन स्टेडियम १९७३ चं आहे, आउटफील्डच्या मागे कारंजी, संध्याकाळी दिवे लागल्यावर बघत राहावं असं. आणि त्याच दिवशी सकाळी निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम बघाच. कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगचे दरवाजे बंद होते, म्हणून त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. तुमच्या पिट्सबर्गचा त्यात मोठा वाटा आहे, जॉश गिब्सन पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या टीम्सकडून खेळायचा. २०२४ च्या मे महिन्यात मेजर लीगनं त्या लीगचे आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घेतले आणि गिब्सनची कारकिर्दीची बॅटिंगची सरासरी .३७२ सगळ्यात वर गेली, टाय कॉबच्या .३६७ च्या पुढे. तो १९४७ च्या जानेवारीत गेला, रॉबिन्सन मैदानात उतरायच्या तीन महिने आधी. मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा बाहेर येऊन पायरीवर बसलो होतो थोडा वेळ.

सोलापुरी_चटणी
@कॅन्सस_वारी, गिब्सनचं सांगलीकरनं पण सांगितलं होतं. कॅन्सस सिटी यादीत टाकलं.

@अंगणातली_तुळस, कराच.

क्लीव्हलँड आणि डेट्रॉइट भराभर सांगतो कारण तिथं मी एकटा होतो. क्लीव्हलँडच्या टीमचं नाव २०२२ च्या सीझनपासून गार्डियन्स आहे. स्टेडियमजवळच्या पुलावर दगडी खांबांमध्ये कोरलेले भव्य रक्षक आहेत, हातात वेगवेगळ्या काळातली वाहनं धरलेले, त्यांच्यावरून हे नाव. मॅचच्या आधी पुलावर जाऊन जवळून बघा, आपल्या देवळाबाहेरच्या द्वारपालांची आठवण येते. डेट्रॉइटला दारातच मोठाले वाघांचे पुतळे आणि आत मुलांसाठी जायंट व्हील, त्याचे पाळणे बेसबॉलच्या आकाराचे. एकट्यानं मॅच बघायला मला फार आवडलं असं नाही म्हणणार.

शिकागोला नागपूरकर. हा माणूस कॉलेजात जसा होता तसाच आहे, दारातूनच ओरडला, "काय बे, किती वाळला तू!" त्यानं दुपारच्याच मॅचची तिकिटं काढली होती, म्हणाला रिग्ली फील्ड उन्हातच बघायचं असतं. १९१४ चं मैदान, १९८८ पर्यंत तिथं दिवेच नव्हते. आउटफील्डच्या विटांच्या भिंतीवर आयव्हीचा वेल आहे, १९३७ मध्ये लावलेला. बॉल त्या पानांत अडकला तर फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात. आमच्या मॅचमध्ये समोरच्या टीमनं होमरन मारला तर ज्या पोरानं तो बॉल पकडला त्यानं तो परत मैदानात फेकून दिला, तिथली पद्धतच आहे, आणि सगळं स्टेडियम त्या पोरासाठी उभं राहिलं.

नागपूरकरनं मला मॅचनंतर बाहेरच्या भिंतीला हात लावून सांगितलं की २०१६ मध्ये इथली टीम कब्ज (Cubs) १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा लोकांनी या विटांवर खडूनं नावं लिहिली होती. स्वतःची नाही, आजोबांची, वडिलांची, जे वाट बघत बघत गेले त्यांची. हा पण मुलीला घेऊन आला होता, लोक एकमेकांना खडू देत होते, जागा उरली नव्हती म्हणून कुणीतरी दुसऱ्याच्या खांद्यावर चढून लिहीत होतं. मी विचारलं तू कुणाचं लिहिलंस. तर म्हणाला, "आपल्या काकांचं बे. पोह्यांवाल्या." हे त्यानं सांगलीकरला कधीच सांगितलं नव्हतं. तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

दुसऱ्या दिवशी नागपूरकर आणि मी मिलवॉकीला गेलो, दीड तासाचा रस्ता. पाऊस होता पण तिथं छप्पर बंद होतं, त्यामुळे मॅच झाली.

रेड_लाइनवाला
मी पण शिकागोचा, २०१६ ला त्या भिंतीपाशी होतो. तेव्हा तुमचे नागपूरकर माझ्या शेजारी पण उभे असतील.

एक सांगायचं होतं, तुमच्या त्या तीन कोऱ्या चौकोनांबद्दल. न्यू यॉर्कच्या यांकीज टीमचा जुना शॉर्टस्टॉप फिल रिझुटो नंतर समालोचक झाला, तो गप्पांत रमला आणि एखादा बॅटर बघायचा राहिला की स्कोअरकार्डवर डब्ल्यू डब्ल्यू लिहायचा. म्हणजे 'वॉझन्ट वॉचिंग', 'लक्ष नव्हतं'. स्कोअर ठेवणारे अजून वापरतात ते. कोरे ठेवू नका.

शेंगदाणा_लाडू
हे फार आवडलं! लिहाच.

सोलापुरी_चटणी
@रेड_लाइनवाला, हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. काल रात्री कार्ड काढलं आणि पेन्सिलनं तीनही चौकोनांत डब्ल्यू डब्ल्यू लिहिलं. फोटो काढून सांगलीकरला पाठवला, म्हटलं तुझं कार्ड बघ, तुझे पण कोरे असतील.

आत्ता सकाळी त्याचं उत्तर आलंय. त्याच्या कार्डाचा फोटो, पाचवी इनिंग पूर्ण भरलेली, नेहमीसारखी सुबक. खाली लिहिलंय, "मी ऐकत होतो. ६-३, के, एफ ८. लिहून घे."